'गो'चा भूतकाळ 'वेंट' का?

इंग्रजीची क्रियापदं पाठ करताना मुलं एका लयीत म्हणत जातात: 'सेंड-सेंट-सेंट', 'बेंड-बेंट-बेंट', 'स्पेंड-स्पेंट-स्पेंट'. त्याच लयीत 'गो-वेंट-गॉन'ही म्हणून होतं. पण जरा थांबून ऐकलं तर इथे काहीतरी वेगळं आहे हे कळतं. 'सेंड' आणि 'सेंट' सख्खे वाटतात. 'गो' आणि 'गॉन'ही एका घरातले वाटतात. मधलं 'वेंट' मात्र कुठून आलं? त्यात 'ग' नाही, 'ओ' नाही, 'गो'शी जुळणारं काहीच नाही. एखाद्या चौकस मुलानं हे विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर मिळतं, "ते तसंच आहे, पाठ कर."

उत्तर मात्र आहे, आणि ते त्याच यादीत दडलेलं आहे. 'सेंड'चं 'सेंट' होतं, 'लेंड'चं 'लेंट' होतं, तर 'वेंट' कशाचं? 'वेंड'चं! इंग्रजीत 'वेंड' नावाचं एक स्वतंत्र क्रियापद होतं, आजही आहे. मूळ अर्थ वळणं किंवा वळवणं, आणि त्यावरून वाट धरणं, जाणं. आज ते 'वेंड वन्स वे' अशा एकाच ठरावीक प्रयोगात उरलं आहे, म्हणजे रमतगमत, वळणं घेत वाटचाल करणं. चौदाव्या शतकात मात्र ते चांगलं चलनात होतं. इंग्लंडच्या कानाकोपऱ्यातून कँटरबरीला निघालेल्या यात्रेकरूंचं वर्णन करताना इंग्रज कवी चॉसर यांनी जाण्यासाठी हेच क्रियापद वापरलं आहे. जर्मन भाषेत 'वेंडन' म्हणजे वळवणं हे आजही रोजच्या बोलण्यातलं क्रियापद आहे.

म्हणजे 'गो'चा भूतकाळ हा मुळात दुसऱ्याच क्रियापदाचा भूतकाळ. मग 'गो'चा स्वतःचा भूतकाळ कुठे गेला?

जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण पाचव्या ते अकराव्या शतकातल्या इंग्रजीत, जाण्याला 'गान' म्हणत. त्याचा भूतकाळ 'एओदे' असा काहीसा होता. गंमत अशी की हा 'एओदे'सुद्धा 'गान'चा नव्हता. तो आणखी तिसऱ्याच मुळापासून आला होता. त्याचं नेमकं मूळ कोणतं यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण तो 'गान'च्या कुळातला नाही हे सगळे मानतात. थोडक्यात, 'गो'ला जेवढा इतिहास आपल्याला ठाऊक आहे त्यात स्वतःचा भूतकाळ कधी दिसतच नाही. आधी एकाकडून घेतला, तो जुना झाल्यावर दुसऱ्याकडून घेतला. पंधराव्या शतकात इंग्लंडच्या दक्षिणेत 'वेंट'नं जम बसवला आणि जुना 'एओदे' हळूहळू विझला. 'वेंट' असा हातचा गेल्यावर 'वेंड'नं आपल्यासाठी नवा, नियमित भूतकाळ तयार केला: 'वेंडेड'.

उत्तरेकडे, स्कॉटलंडच्या बाजूला, लोकांनी वेगळा मार्ग काढला. त्यांनी 'गो'च्याच स्थानिक रूपाला भूतकाळाचा 'ड' जोडून 'गेड' बनवलं. रॉबर्ट बर्न्स यांच्या अठराव्या शतकातल्या स्कॉट्स कवितांत हे 'गेड' भेटतं. आज इंग्रजी शिकणारं लहान मूल 'गोड' म्हणतं (म्हणजे 'गो'ला 'एड' लावून) तेव्हा आपण त्याला चुकलास म्हणतो. त्या मुलानं केलेलं काम आणि स्कॉटलंडच्या पिढ्यांनी केलेलं काम एकच आहे: मोडलेला नियम पुन्हा सांधणं. आपल्याकडची लहान मुलंही 'मी केलं' ऐवजी 'मी करलं' म्हणतात तेव्हा हेच करत असतात.

मराठीतलं 'जातो' आणि 'गेला'

आता इंग्रजीला नावं ठेवण्याआधी स्वतःची भाषा पाहू. मी जातो, ती जाते, आम्ही जाऊ. आणि काल? मी गेलो, ती गेली. 'ज'चा 'ग' कसा झाला? बोलून आपल्या जिभेला इतकी सवय झाली आहे की हा प्रश्न मराठी माणसाला पडत नाही. मराठी शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला मात्र तो पहिल्याच महिन्यात पडतो.

इथेही दोन वेगळी मुळं आहेत. 'जाणे' आलं संस्कृत 'या' धातूपासून. 'याति' म्हणजे जातो. शब्दाच्या सुरुवातीचा 'य' प्राकृतात 'ज' झाला, म्हणून 'यात्रा'ची 'जत्रा' झाली, 'योग्य'चं 'जोगं' झालं, धान्य दळायच्या 'यंत्रा'चं 'जातं' झालं. त्याच रीतीनं 'याति'चं प्राकृतात 'जाइ' आणि पुढे आपलं 'जाणे'. चांद्रयानातलं 'यान', 'प्रयाण', 'यात्रा' हे सगळे 'मी जातो'मधल्या 'जा'चे जवळचे नातेवाईक आहेत.

'गेला' आला 'गम्' धातूच्या 'गत' या रूपावरून. 'गत'मधला 'त' प्राकृतात झिजून गेला आणि त्याला 'इल्ल' हा प्रत्यय लागला. त्यातून 'गेला'. याच साच्यातून 'कृत'चा 'केला' झाला आणि 'मृत'चा 'मेला'. गेला, केला, मेला: मराठीतली ही तीन 'अनियमित' रूपं एकाच साच्यातून निघाली आहेत, आणि तो साचा एकदा दिसला की त्यातलं अनियमित असं फारसं काही उरत नाही.

हिंदीत 'जाना' आणि 'गया', गुजरातीत 'जवुं' आणि 'गयो', बंगालीतही 'जाओया' आणि 'गेलो'. ही जोडी आपल्या अनेक शेजाऱ्यांकडे आहे. कोकणीत तर आणखी तिसरंच मूळ दिसतं: जाणे म्हणजे 'वचप', 'हांव वतां' म्हणजे मी जातो, पण गेलो मात्र 'गेलों'. हे 'वच' प्राकृतातल्या 'वच्चइ'शी नातं सांगतं. जुन्या मराठीतही 'वचणे' होतं. ते मराठीतून गेलं, गोव्यात टिकलं.

युरोपातही तीच तऱ्हा. फ्रेंचमध्ये मी जातो हे 'व्हे', आम्ही जातो हे 'आलों' आणि मी जाईन हे 'इरे'. तिन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. स्पॅनिशमध्ये 'फुई' म्हणजे मी गेलो, आणि 'फुई' म्हणजेच मी होतो! जाण्याच्या क्रियापदाला तिथे असण्याच्या क्रियापदाकडून भूतकाळ मिळाला. रशियनमध्येही जातो आणि गेला यांची मुळं वेगवेगळी आहेत.

एकाच क्रियापदाच्या छत्राखाली वेगवेगळ्या मुळांची रूपं येऊन राहणं ही गोष्ट जाण्याच्या बाबतीत इतक्या भाषांत का घडते? एक कारण असं की जाण्यासाठी प्रत्येक भाषेत अनेक शब्द असतात. निघणं, चालणं, वळणं, सुटणं, वाट धरणं. काही प्रसंगी एक, काही प्रसंगी दुसरा सोयीचा पडतो, आणि पिढ्यान् पिढ्या असं होत राहिलं की वर्तमानासाठी एक आणि भूतकाळासाठी दुसरा अशी वाटणी पक्की होते.

दुसरं कारण वापराचं. रोज शेकडो वेळा तोंडी येणारं रूप कितीही विचित्र असलं तरी टिकतं, कारण ते विसरायला कुणाला सवडच मिळत नाही. क्वचित लागणारं रूप आठवत नाही आणि माणूस सरळ नियम लावून मोकळा होतो. 2007 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात हार्वर्डच्या संशोधकांचा एक निबंध आला होता. त्यांनी जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं घेतली आणि त्यांचं पुढे काय झालं ते तपासलं. मध्ययुगीन इंग्रजीत त्यातली 145 अनियमित उरली होती, आज 98. जी गळाली ती कमी वापराची. त्यांनी हिशोबही मांडला: एखादं क्रियापद दुसऱ्यापेक्षा शंभर पट कमी वापरलं जात असेल तर ते दहा पट वेगानं नियमित होतं. 'हेल्प'चा भूतकाळ एकेकाळी 'होल्प' होता, तो 'हेल्प्ड' झाला. 'गो', 'बी', 'हॅव', 'डू' मात्र जागचे हलले नाहीत. म्हणून भाषा शिकताना अगदी सुरुवातीलाच सगळ्यात वाकडी क्रियापदं भेटतात. विद्यार्थ्याला वाटतं आपलं नशीबच वाईट. नशिबाचा काही संबंध नाही. सुरुवातीला भेटतात ती रोजची क्रियापदं, आणि रोजची असल्यामुळेच ती वाकडी राहू शकली.

'गो' आणि 'गम्' भाऊ आहेत का?

हा माझ्या आवडीचा भाग आहे, आणि इथे घसरायला फार सोपं आहे. संस्कृतात 'गम्', इंग्रजीत 'गो'. दोन्हींत 'ग', दोन्हींचा अर्थ जाणं. समाजमाध्यमांवर असे दाखले मोठ्या अभिमानानं फिरतात: बघा, 'गो' हा आपल्या 'गम्'वरूनच आला!

नाही आला. 'गम्'चा इंग्रजीतला खरा भाऊ 'गो' नसून 'कम' आहे. म्हणजे येणं!

हे कसं कळतं? 1786 साली सर विल्यम जोन्स यांनी कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांतलं साम्य इतकं गाढ आहे की तिन्ही एकाच उगमातून निघाल्या असाव्यात. आज आपण त्या कुळाला भारोपीय म्हणतो. इंग्रजीही त्याच कुळातली. संस्कृत इंग्रजीची आई नाही. दोघी दूरच्या बहिणी आहेत, आणि त्यांची समान पूर्वज भाषा आज कुणी बोलत नाही. पुढे 1822 मध्ये जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी जर्मन, इंग्रजी, डच अशा भाषांच्या बाजूला काही ध्वनी कसे ठरावीक रीतीनं बदलले ते व्यवस्थित मांडलं. शब्दांचं नातं ठरवताना आवाज सारखा आहे का हे पाहायचं नसतं. बदल नियमानं झालाय का हे पाहायचं असतं.

असा एक नियम घ्या. मूळ भाषेतला एक विशिष्ट 'ग' संस्कृतात 'ग' राहिला, इंग्रजीच्या बाजूला त्याचा 'क' झाला. म्हणून संस्कृतातली 'गो', म्हणजे गाय, इंग्रजीत 'काऊ' आहे. त्याच नियमानं 'गम्'चा इंग्रजीत 'कम' होतो. 'म'सुद्धा जागच्या जागी आहे.

आता दुसरा नियम. मूळ भाषेत एक महाप्राण 'घ'सारखा ध्वनी होता. संस्कृतात त्याचा 'ह' झाला आणि इंग्रजीत 'ग'. 'हंस' आणि 'गूज' बघा. जर्मनमध्ये तोच पक्षी 'गान्स' आहे, 'हंस'शी त्याचं नातं ऐकूनच पटतं. 'हिरण्य' आणि 'गोल्ड'चं नातंही याच वाटेनं जातं. मग इंग्रजी 'गो'चा भाऊ संस्कृतात कुठे शोधायचा? 'ह'मध्ये. बहुतेक व्युत्पत्तिकार त्याचं नातं 'हा' या धातूशी लावतात. 'जहाति' म्हणजे सोडतो, त्यागतो. 'जिहीते' म्हणजे दूर होतो, निघून जातो. आपले 'हीन' आणि 'हानी' हे शब्द याच 'हा'पासून आले: जे सुटलं, जे निघून गेलं.

तर 'गो'च्या मुळाशी सोडून जाणं आहे. ही गोष्ट पुढे वापराच्या भागात कामाला येईल, म्हणून लक्षात ठेवावी.

'गम्'चा पसारा तर फार मोठा आहे. आपल्याकडे गती, आगमन, निर्गम, जगत्. लॅटिनमध्ये त्याच मुळाचं 'वेनिरे' झालं, म्हणजे येणं, आणि त्यातून इंग्रजीत 'इव्हेंट', 'रेव्हेन्यू', 'अ‍ॅव्हेन्यू', 'कन्व्हेन्शन' असे शब्द शिरले. 'कन्व्हेन्शन' उलगडून पाहा: 'कॉन' म्हणजे एकत्र, 'वेन' म्हणजे येणं. आपला 'संगम' उलगडा: 'सम्' म्हणजे एकत्र, 'गम्' म्हणजे जाणं. कृष्णा-कोयनेचा कराडचा प्रीतिसंगम आणि एखाद्या राजकीय पक्षाचं कन्व्हेन्शन, दोन्ही शब्दांची घडण सारखी आहे आणि मागचा धातूही एकच. 'गो' आणि 'गम्' यांच्या खोट्या नात्यापेक्षा हे खरं नातं मला कितीतरी अधिक देखणं वाटतं.

येणं चांगलं, जाणं वाईट?

'गो'चा अर्थ जाणं, एवढ्यावर शब्दकोश थांबत नाहीत. मोठ्या कोशांत या एका क्रियापदाला पानंच्या पानं लागतात. सगळे अर्थ पाठ करणं अशक्य आहे आणि गरजेचंही नाही. मूळ कल्पना पकडली की पुष्कळसे अर्थ आपोआप उलगडतात: आहे ती जागा किंवा आहे ती स्थिती सोडून दूर होणं.

दूध नासलं की इंग्रज म्हणतो 'द मिल्क हॅज गॉन ऑफ'. माणूस वेडा झाला, 'ही वेंट मॅड'. बहिरा झाला, 'वेंट डेफ'. टक्कल पडलं, 'वेंट बाल्ड'. दिवाळं निघालं, 'वेंट बँकरप्ट'. काहीतरी बिघडलं, 'समथिंग वेंट राँग'. उलट स्वप्न खरं झालं तर 'कम ट्रू', जिवंतपणा आला तर 'कम अलाइव्ह'. वाईटाकडे जाणं, चांगल्याकडे येणं.

मराठीला हे परकं नाही. शुद्ध जाते, माणूस शुद्धीवर येतो. कष्ट वाया जातात, किंवा फळाला येतात. झाडं बहराला येतात, कलाकार नावारूपाला येतो. अब्रू जाते, नोकरी जाते, डोळे जातात, पैसे बुडीत जातात. गावात संध्याकाळी वीज जाते आणि रात्री कधीतरी येते. इंग्रजीतही दिवे 'गो आउट' होतात आणि 'कम ऑन' होतात. आणि कुणी वारलं की आपण हळू आवाजात म्हणतो 'ते गेले', इंग्रज म्हणतो 'ही इज गॉन'.

यामागचा तर्क भाषाशास्त्रज्ञांनी असा लावला आहे की बोलणारा स्वतःला मधोमध धरतो. जे नेहमीचं, ठीकठाक, आपलं, ते आपल्यापाशी. त्याच्याकडे होणारी हालचाल म्हणजे येणं, त्यापासून दूर होणारी म्हणजे जाणं. हा कल आहे, पक्का नियम नव्हे. 'गो व्हायरल', 'गो लाइव्ह' यांत वाईट काही नाही, फक्त नेहमीची स्थिती सुटते. आणि शर्टाचं बटण निघतं तेव्हा ते 'कम ऑफ' होतं, तिथे चांगलं काहीच नसतं.

'गो ऑफ'वर मात्र थोडं थांबायला हवं, कारण आपल्या मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो. 'द अलार्म वेंट ऑफ' म्हणजे गजर बंद पडला असं वाटतं. अर्थ नेमका उलटा आहे: गजर वाजला! 'द लाइट्स वेंट ऑफ' म्हणजे मात्र दिवे गेले. 'द बॉम्ब वेंट ऑफ' म्हणजे बॉम्ब फुटला. दूध 'गो ऑफ' झालं म्हणजे नासलं, आणि हा प्रयोग ब्रिटिशांचा. सगळीकडे मुळातली कल्पना तीच: दबा धरून बसलेली किंवा नीट टिकून राहिलेली स्थिती सुटली. लावून ठेवलेला गजर आपली गप्प स्थिती सोडतो तेव्हा वाजतो, पेटलेला दिवा आपली स्थिती सोडतो तेव्हा विझतो.

'गो टू होम' का चालत नाही

'गो टू स्कूल', 'गो टू पुणे', पण 'गो होम'. 'टू' लावलं की चूक. शाळेत हे अपवाद म्हणून सांगितलं जातं. कारण असं की जुन्या इंग्रजीत नामांना आपल्यासारखे विभक्तीचे विकार होते. 'होम'चं द्वितीयेतलं रूपच 'घराकडे' असा अर्थ देत असे, वेगळ्या शब्दयोगी अव्ययाची गरज नव्हती. पुढे विभक्ती झिजल्या, पण 'होम' रोजच्या वापरातलं असल्यानं त्याची जुनी सवय टिकली.

मराठीत काय होतं पाहा. आपण 'शाळेत जातो', 'ऑफिसात जातो', पण 'घरी जातो'. 'शाळी' किंवा 'ऑफिसी' कुणी म्हणत नाही. सप्तमीचे प्रत्यय 'त, ई, आ' असे आपण पाठ करतो, त्यातला हा 'ई' आता मोजक्या शब्दांत उरला आहे: घरी, गावी, माहेरी, सासरी. घर दोन्ही भाषांत जुन्या व्याकरणाला धरून बसलं आहे. एवढं एक वाक्य वर्गात सांगितलं तर 'गो टू होम'ची चूक पुन्हा होत नाही, असा माझा विश्वास आहे.

'गो टू स्कूल' आणि 'गो टू द स्कूल' यांतही फरक आहे. शिकायला जाणारं मूल 'गोज टू स्कूल'. पालकसभेला जाणारे बाबा 'गो टू द स्कूल'. पहिल्यात शाळा म्हणजे काम, दुसऱ्यात इमारत. 'जेल' आणि 'चर्च'चंही तसंच. दवाखान्याच्या बाबतीत ब्रिटिश 'गो टू हॉस्पिटल' म्हणतात आणि अमेरिकन 'गो टू द हॉस्पिटल', दोन्ही बरोबर.

'गो शॉपिंग', 'गो फिशिंग', 'गो स्विमिंग' या प्रयोगांत मध्ये काहीच नाही असं दिसतं. पूर्वी तिथे 'ऑन' होतं. ते झिजून 'अ' उरलं, 'गो अ-फिशिंग', आणि नंतर तो 'अ'ही गळाला. 'अस्लीप', 'अशोर', 'अलाइव्ह' या शब्दांच्या सुरुवातीचा 'अ' हा त्याच 'ऑन'चा अवशेष आहे. यातून एक कामाची गोष्ट निघते. 'आम्ही नदीवर पोहायला गेलो' याचं इंग्रजी करताना आपण 'वुई वेंट स्विमिंग टू द रिव्हर' म्हणतो, कारण मनात 'गेलो' असतं. इंग्रजीत तिथे 'इन द रिव्हर' येतं, कारण नदीचा संबंध पोहण्याशी जोडलेला असतो, जाण्याशी नाही.

आणि 'गॉन' व 'बीन'. 'ही हॅज गॉन टू पुणे' म्हणजे तो पुण्याला गेलाय, अजून तिकडेच आहे. 'ही हॅज बीन टू पुणे' म्हणजे तो पुण्याला जाऊन आलाय. मराठीनं 'जाऊन आलाय' या दोन शब्दांत जे चोख सांगितलं ते इंग्रजीनं असण्याचं क्रियापद उधार घेऊन सांगितलं. 'हॅव यू एव्हर गॉन टू कोल्हापूर?' असं विचारलेलं आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. ब्रिटिश किंवा अमेरिकन माणूस तिथे सहसा 'बीन' वापरील.

पावसाला पाय नसतात

शेवटी 'गोइंग टू'. इथे 'गो'नं जो प्रवास केला तो मला सगळ्यात थक्क करतो.

'आय अ‍ॅम गोइंग टू मीट द किंग.' सुरुवातीला याचा अर्थ शब्दशः होता: मी वाटेवर आहे, राजाला भेटायला निघालो आहे. पण जो भेटायला निघालाय त्याच्या मनात भेटायचा बेत असणारच, आणि ती भेट अजून व्हायची असणारच. ऐकणाऱ्याला दोन्ही गोष्टी एकदम कळतात: चालणंही आणि बेतही. असं पिढ्यान् पिढ्या ऐकता ऐकता काहींच्या मनात बेत हाच मुख्य अर्थ झाला, आणि चालणं मागे पडलं. ऑक्सफर्ड कोशात भविष्यकाळाच्या अंगानं जाणारा असा प्रयोग 1482 चा नोंदलेला आहे: एका आत्म्याला नरकात नेलं जाणार होतं, असं ते वाक्य. तिथे आत्मा स्वतःहून कुठे चालत निघाला नव्हता. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात 'गोइंग टू'ची भविष्याची खूण म्हणून नोंद झाली. आज 'इट इज गोइंग टू रेन' म्हणताना कुणालाही पाऊस कुठे चालत निघालाय असं वाटत नाही.

'विल' आणि 'गोइंग टू' यांत फरक काय, हे नेहमी विचारलं जातं. आधीच ठरलेलं असेल किंवा डोळ्यांसमोर चिन्हं दिसत असतील तर 'गोइंग टू'. ढग दाटून आले आहेत, 'इट इज गोइंग टू रेन'. दाराची बेल वाजली आणि तुम्ही तिथल्या तिथे म्हणालात, थांबा, मी बघतो, तर 'आय विल गेट इट'.

अर्थ बदलला तसा उच्चारही झिजला: 'गोइंग टू'चं 'गोन्ना'. हे झिजणं आंधळं नाही. 'आय अ‍ॅम गोन्ना ईट' चालतं, पण 'आय अ‍ॅम गोन्ना नाशिक' असं कुणीही इंग्रजीभाषक म्हणणार नाही. खरोखर जागेकडे जाणं असेल तिथे 'गोइंग टू' पूर्ण उच्चारलं जातं. भविष्याची खूण म्हणून वापरलं तरच ते आकसतं. आता ही दोन वेगळी साधनं झाली आहेत, एकाच शब्दातून निघालेली. परीक्षेत, अर्जात, कार्यालयाच्या पत्रात 'गोन्ना' लिहू नये, बोलण्यात खुशाल वापरावं.

मराठीतल्या 'जाणे'नंही असाच व्याकरणात प्रवेश केला आहे, फक्त दुसऱ्या दारानं. 'पत्र लिहिलं जातं' यात कुणी कुठे जात नाही. ते कर्मणी प्रयोगाचं साधन आहे. 'बर्फ वितळून गेलं' यात 'गेलं' म्हणजे क्रिया पूर्ण झाली. 'मी सहज बोलून गेलो' यात तर नकळत घडल्याची छटा आहे. आणि 'समजवायला गेलो तर अंगावरच आला' यात जाणं म्हणजे प्रयत्न करणं. इंग्रजी 'गो' भविष्याकडे वळलं, मराठी 'जाणे' पूर्ण होण्याकडे आणि कर्मणीकडे. फ्रेंच मात्र इंग्रजीसारखंच वळलं. तिथेही मी जेवणार आहे हे 'मी जेवायला जातो' अशाच रचनेत सांगतात.

इंग्रजीत हा प्रवास अजून थांबलेला नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीत 'आय अ‍ॅम गोइंग टू'चं 'आय'म गोन्ना' होऊन पुढे 'आयमा' झालं, आणि आता ते तरुणांच्या बोलण्यात आणि संदेशांत सर्वत्र दिसतं. 'आयमा कॉल यू' म्हणजे मी तुला फोन करणार आहे. त्या 'आयमा'मध्ये 'आय' आहे, 'अ‍ॅम'चा 'म' आहे. 'गो'चा 'ग' मात्र पूर्ण गळून गेला आहे.